चाळीस पाव

प्रति,
नोंद-दुरुस्ती मंडळ, लष्कर विभाग.
विषय : रकाना अकरा.

महोदय,
हा माझा तिसरा अर्ज.
पहिल्याला तुम्ही सात ओळींत नाही म्हणालात,
दुसऱ्याला चार.
या हिशेबाने आता एका ओळीत आटपाल,
म्हणून मीच जरा लांबवतो.

रकाना अकरामध्ये लिहिलंय : आचारी.
ते खरं आहे.
व्हिएतनामच्या त्या डोंगरावर मी एकशे दहा जणांचं रांधायचो,
भुकटीच्या अंड्यांचं ऑम्लेट, डब्यातले पीच,
आणि एक दिवसाआड पाव, कारण मला ते जमायचं.
आमच्याकडे, सुपीरियर सरोवराच्या काठी,
फिनिश घरातली पोरं पाढ्यांआधी राईचं पीठ मळायला शिकतात.

बिल्ला फक्त पायदळाला, असं नियम सांगतो.
आचाऱ्याला लढाई लागत नाही.
गोळे पडायला लागले की आचाऱ्याने, नियमाप्रमाणे,
डावाने सूप ढवळत राहावं.

त्या रात्री तीनच्या सुमाराला
काटेरी तारेपलीकडे शिट्ट्या वाजल्या.
उत्तरेच्या मोर्चावर हॉलिस पेटवे होता, अलाबामाचा,
आणि त्याचा जोडीदार, जो पहिल्याच गोळ्यात गेला.
मी धावलो. कुणी सांगितलं नव्हतं.
एप्रनसकट धावलो, हे लिहायला अजून लाज वाटते.
पेटवे मशीनगन चालवत होता, मी पट्टा भरवत होतो.
भरवणं काही मला नवीन नव्हतं.
तो एकदा म्हणाला, "कांगास, तुझ्या हातांना पिठाचा वास येतोय."
मग बराच वेळ काही बोलला नाही.
मग मला कळलं, तो आता बोलणारच नाही.
पुढे भरवलं मीच आणि चालवलंही मीच,
उजाडेपर्यंत.

साक्षीदार कोण, विचारता.
लेफ्टनंट वारले. तुकडीची दैनंदिनी आधी भिजली, मग हरवली.
लुइझियानात क्लेमेंट डुफ्रेन आहे, वृद्धाश्रमात.
त्याच्या मुलीने फोन त्याच्या कानाला लावला.
"कांगास?" तो म्हणाला. "पाव जाळले तो?"
एवढंच. तीनदा विचारलं, तीनदा एवढंच.
फोन ठेवून मी गॅरेजमध्ये गेलो
आणि पत्र्याची पेटी तळापर्यंत उपसली.

सोबत जोडलेला कागद क्रमांक नऊ पाहावा.
पगारातून कपात : अकरा डॉलर वीस सेंट.
कारण : चाळीस पाव करपले,
भट्टीवर आचारी हजर नव्हता.
तारीख तीच. वेळ तीच. शिक्का तुमचा.

मी भट्टीवर नव्हतो, हे तुम्हीच लिहून ठेवलंय, महोदय.
मग मी कुठे होतो?

बिल्ल्याचं म्हणाल तर
माझी बायको इर्या शेवटपर्यंत म्हणायची, सोड रे आता,
तो टोचून तू बसणार कुठे, सॉनात?
बरोबरच होतं तिचं.
पण गेल्या वर्षी पेटवेच्या बहिणीने मला त्याची फाइल दाखवली.
त्यात आहे : मोर्चावर एकटा असताना मृत्यू.
हे एक वाक्य उशाशी घेऊन त्याची आई
एकतीस वर्षं जगली, आणि गेली.
तुमच्या कागदावर मी स्वयंपाकघरात आहे
तोवर तो तिथे
एकटाच आहे.

तरी रकाना अकरा दुरुस्त व्हावा, ही विनंती.
कपातीबद्दल तक्रार नाही.
पाव खरोखरच जळले होते.

आपला,
आर्वो कांगास
टू हार्बर्स, मिनेसोटा

ता. क.
पावांचा आकडाही चुकलाय.
करपले ते अडतीस.
दोन मी आधीच काढले होते, जरा कच्चेच,
पहाऱ्याला जाता जाता पेटवे भट्टीपाशी थांबला म्हणून.
उभ्या-उभ्या खाल्ले आम्ही, हात पोळत.
जमल्यास तेही दुरुस्त करावं.